शंभर मॅच म्हणजे नक्की किती? (बायकांची ऑस्ट्रेलियन फूटी आणि सर्वाधिक मॅचचं रेकॉर्ड)

रानजाई
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच काढतेय तेव्हा सांभाळून घ्या.

आम्ही मेलबर्नला असतो, पॉइंट कुकात. लेक अकरा वर्षांची, फूटी खेळते, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: लांबुळका चेंडू, मैदान क्रिकेटचंच, दोन्ही टोकांना चार-चार खांब, मधल्या दोन खांबांतून लाथ मारून घातला तर ६ पॉइंट आणि बाजूच्या फटीतून गेला तर १. मला स्वतःला पहिली तीन वर्षं काडीचं कळत नव्हतं, मी नुसती संत्र्याच्या फोडी कापून न्यायचे.

तर परवा जेवताना लेक म्हणाली की बाबा, २०२५ च्या सीझनला अ‍ॅली अँडरसनच्या १०० मॅच झाल्या, एएफएलडब्ल्यूत (म्हणजे बायकांची राष्ट्रीय लीग, पुरुषांची ती एएफएल) शंभर करणारी ती पहिली. नवरा वरणभात कालवता कालवता म्हणाला, "दहा सीझन झाले लीग सुरू होऊन आणि आत्ता कुठे शंभर? पुरुषांत पेन्डलबरी चारशेच्या पुढे गेला की." झालं. लेक ताटावरून उठली. दार आपटलं. मी मधल्यामधे.

मला पण धड उत्तर देता आलं नाही म्हणून इथे विचारतेय, शंभर हा आकडा लहान आहे का मोठा? कशाशी ताडून बघायचा?

कसोटीवीर
ताई, राग मानू नका पण मिस्टरांचं अगदीच चूक नाही. आकडा हा आकडा असतो. ब्रेन्ट हार्वी, नॉर्थ मेलबर्न, १९९६ ते २०१६, ४३२ मॅच. त्याच्यासमोर १०० म्हणजे चौथाई पण नाही. कौतुक करा, जरूर करा, पण रेकॉर्ड म्हणताना दोन्ही एका तागडीत घालू नका.

(फूटी मला कळते असं नाही, आकडे कळतात.)

गोंद्या
चार खांब म्हणजे दोन्ही बाजूला चार? मग गोलकीपर कुठल्या खांबात उभा राहतो?

रानजाई
गोंद्या, गोलकीपर नसतोच. पांढरी टोपी घालून एक अंपायर उभा असतो, गोल झाला की तो दोन्ही बोटं दाखवतो.

दप्तरी काका
मी या खेळाची एकही मॅच पाहिलेली नाही, पण बँकेत ३४ वर्षं काढली आहेत त्यामुळे बेरजेवर विश्वास आहे. कसोटीवीर, तुम्ही अंश बघताय, छेद बघत नाही. रानजाई, एक काम करा, प्रत्येक वर्षी एका टीमला लीगमध्ये किती मॅच मिळाल्या तेवढं लिहा. फायनल वगैरे सोडून, नुसत्या साध्या. मग बोलू.

रानजाई
काका, लेकीला विचारून लिहितेय, तिला तोंडपाठ आहे, मला पाढे आले नाहीत इतके तिला हे येतं. २०१७ ला सुरू झाली तेव्हा ८ टीम आणि प्रत्येकीला ७ मॅच, २०१८ ला पण ७, २०१९ ला दोन नव्या टीम आल्या तरी ७ च, २०२० ला ८ ठरल्या होत्या पण कोविड आला आणि ६ वर थांबलं, २०२१ ला ९, मग २०२२ ला एका वर्षात दोन सीझन झाले, एक जानेवारीत सुरू झालेला आणि एक ऑगस्टमध्ये, दोन्हीत १०-१०, २०२३ ला १०, २०२४ ला ११, २०२५ ला १२.

दप्तरी काका
एकवीस, सत्तावीस, छत्तीस, छपन्न, सहासष्ट, सत्त्याहत्तर, एकोणनव्वद.

८९. दोनदा बेरीज केली.

म्हणजे पहिल्या दिवसापासून खेळणारी, कधी आजारी न पडलेली, कधी पाय न मुरगळलेली, एकही मॅच न चुकवलेली बाई असेल तरी साध्या मॅच मोजून तिचा आकडा ८९ च्या पुढे जाऊच शकत नाही. शंभर हे लीगने दिलेल्या मॅचपेक्षाच जास्त आहेत! पुरुषांना साध्या मॅच किती असतात वर्षाला?

रानजाई
२३. आधी २२ होत्या.

दप्तरी काका
मग ८९ पुरुषाला चौथ्या सीझनातच मिळतात. आणि उलटं करून बघा, बारा मॅचच्या हिशोबाने ४३२ करायला ३६ सीझन लागतील. अठराव्या वर्षी सुरू केलं तर चोपन्नाव्या वर्षी. कसोटीवीर, तागडी कुठली वापरायची सांगा आता.

गोंद्या
काका __/\__

कसोटीवीर
मान्य. छेदाचा मुद्दा मान्य. पण मग वरच्या मॅच आल्या कुठून?

मोरपीस_ब्रिस्बेन
हा प्रश्न येईपर्यंत हाताची घडी घालून बसले होते.

फायनल्स! म्हणजे साध्या मॅच संपल्यावर वरच्या टीमच्या बाद फेऱ्या, त्यातली शेवटची ती ग्रँड फायनल. अँडरसन आमची, ब्रिस्बेन लायन्सची. दहा सीझनात लायन्स सात वेळा ग्रँड फायनलला गेल्यात, २०१७, २०१८, २०२१, २०२२ चा दुसरा सीझन, २०२३, २०२४, २०२५. जिंकलो दोनदाच, ते सोडा, ती जखम उघडू नका. पहिल्या दोन्ही ग्रँड फायनल ६-६ पॉइंटने हरलो, म्हणजे एकेका गोलने, आणि २०२२ ची ४ पॉइंटने. तेव्हा मॅचची संख्या वाढते ती अशी, नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत टिकून राहिलात तर. पहिल्या दोन वर्षांत तर सेमीफायनलच नव्हत्या, वरच्या दोन टीम थेट ग्रँड फायनल खेळायच्या, बाकीच्या घरी. त्यामुळे जास्तीची एक मॅच फक्त दोनच टीमना.

हे रेकॉर्ड जितकं एका बाईचं तितकंच टीमचं आहे असं माझं मत. शेवटच्या नंबरावर राहणाऱ्या क्लबात अँडरसन असती तर तितकीच चांगली खेळून ती ८९ च्या आतच अडकली असती. आणि ज्या चार क्लबांना २०२२ च्या दुसऱ्या सीझनपासून टीम मिळाली (एसेंडन, हॉथॉर्न, पोर्ट अ‍ॅडलेड, सिडनी) त्यांच्या साध्या मॅच २०२५ पर्यंत ४३. तिथे सुरुवात केलेल्या पोरीनं शंभरचं नाव सुद्धा काढू नये अजून काही वर्षं.

अजून एक, अँडरसन नुसती हजेरी लावणारी नाही. २०२२ च्या दुसऱ्या सीझनला लीगची बेस्ट अँड फेअरेस्ट (सीझनची सर्वोत्तम प्लेयर) तीच होती. मैदानाच्या मधोमध खेळते, सगळ्यात जास्त मार तिथेच बसतो. आणि कोच पण पहिल्या सीझनपासून एकच, क्रेग स्टार्सेविच. दुसरे क्लब आमच्या चांगल्या पोरी घेऊन गेले, टेला हॅरिस गेली, एमिली बेट्स गेली, तरी टीम मोडली नाही.

रानजाई
मोरपीस, लेक विचारतेय तुमचं घर स्प्रिंगफील्डला आहे का, तिथे लायन्सचं मैदान आहे म्हणून. (ती मेलबर्नची सपोर्टर आहे हे आधीच सांगून ठेवते. ती ४ पॉइंटवाली मॅच तिच्या भिंतीवर आहे.)

मोरपीस_ब्रिस्बेन
मैदानापासून वीस मिनिटं. त्या दिवशी मी तिथे होते. विषय बदला.

पाटलीण
मी कोल्हापूरची, कॉलेजात कबड्डी खेळायचे, फूटी बीटी माहीत नाही. पण एक डोक्यात आलं. लीग २०१७ ला सुरू झाली म्हणजे त्याआधी बायका खेळतच नव्हत्या का? का खेळत होत्या पण कोणी मोजत नव्हतं? आमच्या वेळच्या कबड्डीच्या मॅच कोणी लिहून ठेवल्यात, कुठे गेल्या त्या?

रानजाई
पाटलीणबाई, नेमक्या जागी बोट ठेवलंत. खेळत होत्या की. इथे व्हिक्टोरियात बायकांची लीग १९८१ पासून होती. डेबी ली म्हणून आहेत, त्या लीगमध्ये ३०० च्या वर मॅच खेळल्या, खेळून बाजूला झाल्या, त्यानंतर एएफएलडब्ल्यू आली. त्यांच्या एएफएलडब्ल्यू मॅच किती? शून्य. पुढे हॉल ऑफ फेममध्ये घेतलं ते वेगळं.

आणि आमच्या घरची देवी डेझी पिअर्स. डेअरबिन नावाच्या क्लबाकडून दहा वेळा ती जुनी लीग जिंकली. एएफएलडब्ल्यूत मेलबर्नची पहिली कॅप्टन, मधे २०१९ चा पूर्ण सीझन जुळ्यांच्या बाळंतपणात गेला, २०२२ ला ग्रँड फायनल जिंकून थांबली. एएफएलडब्ल्यूच्या मॅच ५५. कोणी नवीन माणसाने यादी उघडली तर त्याला वाटेल ५५ मॅच खेळलेली कोणी एक मधली प्लेयर.

पाटलीण
मग ते मोजायला पाहिजे. सरळ आहे.

कसोटीवीर
सरळ नाही. रणजीच्या मॅच आपण टेस्टमध्ये धरतो का? रेकॉर्ड लीगचं असतं, माणसाचं नसतं. पुरुषांत पण दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या, वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या लोकल लीगमध्ये दोनदोनशे मॅच खेळून मग एएफएलला आलेले असतीलच, त्यांच्या त्या मॅच एएफएलमध्ये धरतात का? नाही ना? मग नियम सगळ्यांना एकच.

मोरपीस_ब्रिस्बेन
कसोटीवीर, थांबा जरा. पुरुषांची एएफएल हे नाव १९९० चं आहे. त्याआधी ती व्हीएफएल होती, व्हिक्टोरिया राज्याची लीग. पण रेकॉर्ड मोजताना १८९७ पासून मोजतात. हार्वीच्या आधी सर्वाधिक मॅचचं रेकॉर्ड मायकल टकचं होतं, हॉथॉर्न, ४२६. तो खेळायला लागला १९७२ ला आणि थांबला १९९१ ला. म्हणजे त्यातली अठरा वर्षं लीगचं नाव वेगळं होतं, सुरुवातीला तर ती एका राज्याचीच लीग होती, तरी सगळ्या मॅच एकाच खात्यात जमा.

पाटलीण
बघा. पुरुषांच्या दुकानाची पाटी बदलली तरी खातं तेच चालू. बायकांना नवीन दुकान दिलं आणि म्हणाले खातं शून्यापासून.

दप्तरी काका
वाक्य टाळ्या घेणारं आहे पण हिशोबाने अर्धंच बरोबर. व्हीएफएलचं नाव बदललं, संस्था तीच राहिली, म्हणून शिल्लक पुढे ओढली. बायकांची जुनी लीग ही वेगळी संस्था होती, तिचे क्लब वेगळे, नवीन लीग एएफएलने आपल्या क्लबांना घेऊन उभी केली. दोन वेगळ्या बँकांतली खाती एकत्र दाखवता येत नाहीत. पण म्हणून पहिल्या बँकेतले पैसे बुडाले असं होत नाही. दोन रकाने करा. एका रकान्यात एएफएलडब्ल्यू, शेजारी बाकी सगळं. पासबुक एकच.

रानजाई
काका तुम्ही इथे मंडळात अकाउंट्सला पाहिजे होतात.

२०१३ ला मेलबर्न आणि वेस्टर्न बुलडॉग्ज या क्लबांच्या नावाने बायकांची पहिली प्रदर्शनी मॅच एमसीजीवर झाली, ड्राफ्ट (क्लबांनी आळीपाळीने प्लेयर निवडणं) सुद्धा झाला, पहिलं नाव डेझीचंच पुकारलं. पुढे २०१६ पर्यंत अशा मॅच व्हायच्या. क्लब तेच, जर्सी तीच, काही जणी त्याच! त्या पण एएफएलडब्ल्यूच्या मोजणीत नाहीत. काकांच्या भाषेत त्या कुठल्या बँकेत जातात?

दप्तरी काका
तारण न ठेवलेलं सोनं. घरातच आहे, पण स्टेटमेंटमध्ये दिसत नाही.

कसोटीवीर
रात्रभर विचार केला. मी स्वतःच माझ्या विरोधात एक मुद्दा मांडतो, कोणी हसू नका.

मिताली राज. १९९९ ते २०२२. टेस्ट किती? १२. वनडे २३२ पण टेस्ट १२. तेंडुलकरच्या २००. आता मिताली तेंडुलकरच्या सतराव्या हिश्शाइतकी टेस्ट प्लेयर होती असं मी म्हणेन का? नाही म्हणणार, कारण मला माहितीये की २००६ नंतर थेट २०१४ पर्यंत भारताच्या बायकांना एक टेस्ट मिळाली नाही आणि मग परत २०२१ पर्यंत नाही. डायना एदलजींना त्याआधी २० मिळाल्या होत्या. म्हणजे आधीच्या पिढीला जास्त आणि नंतरच्या ग्रेट प्लेयरला कमी. इथे मी आपोआप छेद बघतो आणि फूटीत बघितला नाही, कारण तो खेळ माझा नाही. मिस्टरांना माझ्याकडून सांगा, आपण दोघं चुकलो.

रानजाई
सांगितलं. म्हणाला, "कोण कसोटीवीर?" पण मिताली म्हटल्यावर गप्प बसला.

मोरपीस_ब्रिस्बेन
कसोटीवीर, तुमच्यासाठी एक गंमत. २०१३ चा बायकांचा क्रिकेट वर्ल्डकप, मुंबईत, ब्रेबॉर्नवर फायनल, ऑस्ट्रेलिया वि. वेस्ट इंडीज. आठवते?

कसोटीवीर
आठवते म्हणजे काय, टीव्हीसमोर होतो. जेस कॅमेरन ७५. त्या मॅचची प्लेयर ऑफ द मॅच.

मोरपीस_ब्रिस्बेन
तीच. लग्नानंतर जेस डफिन. २०१७ ला एएफएलडब्ल्यू सुरू झाली तेव्हा कॉलिंगवूडकडून उतरली, मग नॉर्थ मेलबर्न, मग हॉथॉर्न. मधे बाळंतपण. सांगायचा मुद्दा असा की अशा बायकांची करिअर एका खेळाच्या यादीत बघाल तर अर्धीच दिसते. कोरा स्टाँटन घ्या, आयर्लंडमध्ये गेलिक फुटबॉलची मोठी नाव, सिडनीच्या जीडब्ल्यूएस क्लबाला आली तेव्हा ३६ वर्षांची. पाय मोडला तरी परत आली आणि ४० व्या वर्षापर्यंत खेळली. तिच्या एएफएलडब्ल्यू मॅच मोजून तुम्हाला काय कळणार?

कसोटीवीर
ब्रेबॉर्नवाली कॅमेरन फूटी खेळली? हे मला कोणी सांगितलं नाही इतकी वर्षं?? धाग्याचे पैसे वसूल.

पाटलीण
बायकांचे गुडघे हा एक विषय राहिला. कबड्डीत मी माझाच घालवला म्हणून विचारते. तिकडे किती जातात?

रानजाई
खूप जातात हो. एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आतला अस्थिबंध तुटला की वर्षभर बाहेर, आणि बायकांत ते प्रमाण पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आहे. नीना मॉरिसन म्हणून जीलाँगची, २०१८ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या नंबरवर घेतली, २०१९ ला पहिली मॅच खेळली आणि पुढच्याच आठवड्यात प्रॅक्टिसला गुडघा गेला. सीझन ७ मॅचचा, खेळली १. पुरुषाचं वर्ष गेलं तर २२ जातात पण त्याला पुढे पंधरा सीझन असतात, इथे दहा सीझनात एक गेला की शंभरचा विषय संपला.

डोक्याला मार बसला तरी तेच. २०२१ च्या सेमीत अ‍ॅडलेडची कॅप्टन चेल्सी रँडल डोकं आपटून बाहेर गेली, नियम असा की बारा दिवस खेळायचं नाही, मग ग्रँड फायनल घरच्या मैदानावर असून बसून बघितली. नियम बरोबरच आहे, माझी पोरगी खेळते, मी त्या नियमाच्या बाजूने. पण यादीत ती मॅच नाही.

मोरपीस_ब्रिस्बेन
रानजाई, ती प्रिलिमिनरी फायनल होती (ग्रँड फायनलच्या आधीची फेरी), बाकी सगळं बरोबर. आणि ती ग्रँड फायनल आम्ही जिंकलो, एवढं लिहायचं राहिलं तुमचं.

अ‍ॅडलेडचं नाव निघालंच आहे तर एबनी मारिनॉफ विसरू नका. २०१७ ची रायझिंग स्टार (सर्वोत्तम तरुण प्लेयर), २०२४ ची बेस्ट अँड फेअरेस्ट. मॅचच्या यादीत अँडरसनच्या खांद्याला खांदा लावून चालणारी तीच. कारण तेच, अ‍ॅडलेड पण बहुतेक वर्षी फायनल्समध्ये. २०२१ सुरू व्हायच्या आधी सरावाच्या मॅचमध्ये तिची टक्कर होऊन आयरिश प्लेयर ब्रीद स्टॅकच्या मानेचं हाड मोडलं, मारिनॉफला ३ मॅचची बंदी घातली, मग अपिलात ती उठवली. मुद्दाम कोणी कोणाची मान मोडत नाही हे खरं, आणि स्टॅकचं वर्ष गेलं हे पण खरं. पण हिशोबाचं बघा, पुरुषांत तीन मॅच इकडे तिकडे झाल्या तर कोणाच्या लक्षात येत नाही. इथे पहिली आणि दुसरी ठरायला तीन पुरतात.

गोंद्या
पगार किती असतो पण? एवढं गुडघे फोडून?

रानजाई
२०१७ ला सगळ्यात कमी ८,५०० डॉलर, पूर्ण सीझनचे. त्यात मेलबर्नात घरभाडं किती महिने जाईल ते तूच सांग. नर्स, टीचर, सुतार, सगळं करून संध्याकाळी प्रॅक्टिस. २०२३ च्या कराराने त्या वर्षी सरासरी साठ हजाराच्या आसपास गेला, आता बरं आहे. पण पहिल्या दोन-तीन वर्षांत कितीजणींनी नोकरी का फूटी म्हणताना नोकरी धरली असेल. त्यांची नावं वीस-पंचवीस मॅचवर थांबलेली आहेत.

पाटलीण
पहिली मॅच कोणी बघितली होती का इथल्यांपैकी?

रानजाई
बघितली नाही, ऐकली! ३ फेब्रुवारी २०१७, कार्लटनच्या मैदानावर, कार्लटन वि. कॉलिंगवूड, तिकीट फुकट. लेक तेव्हा बाबागाडीत. आम्ही आरामात पोळीभाजी खाऊन निघालो तर दारं बंद, २४ हजारांच्या वर माणूस आत आणि बाहेर आमच्यासारखे कितीतरी. कुंपणापाशी उभं राहून आतला आरडाओरडा ऐकला आणि त्यावरून गोल कोणाचा ते ओळखत बसलो. कार्लटन ४६, कॉलिंगवूड ११. त्या रात्री नवराच म्हणाला होता की हे चालणार. त्याला आठवण करून दिली काल.

दप्तरी काका
मग आता दोन रकाने कोण करतंय? मी तयार आहे, मला आकडे पाठवा. पुढच्या सीझनला किती मॅच देणार आहेत ते जाहीर झालं की तेही.

रानजाई
लेक करणार म्हणतेय काका, वही पण काढली. पहिल्या रकान्यात अँडरसन आणि दुसऱ्यात डेबी ली.

पण आता घरात नवीन भांडण. इथे ज्युनियर क्लबात ५० मॅच झाल्या की त्या पोराचं नाव घालून क्रेप कागदाचं मोठं बॅनर करतात आणि ते फाडून पळत मैदानात जायचं असतं. लेकीच्या मते तिच्या ४७ झाल्यात, क्लबाच्या वहीत ४६ आहेत. एक मॅच हाफटाइमला गारा आल्या म्हणून सोडून दिली होती, ती धरायची का नाही? नवरा म्हणतो धरायची, ती दोन क्वार्टर खेळली, एक गोल पण मारला.

कसोटीवीर
टेस्ट पावसात वाहून गेली तरी टॉस झाला असेल तर मॅच धरतात. ४७.

दप्तरी काका
क्लबाच्या वहीत ४६ असतील तर ४६. तारीख, गारांचा उल्लेख आणि सेक्रेटरीची सही घेऊन दुरुस्तीचा अर्ज द्या, मग ४७.

गोंद्या
गोलवाल्या अंपायरने दोन बोटं दाखवली होती का?